रुपयाचा माग : मूल्यसाखळीच्या अभ्यासाची प्रस्तावना

शहरातल्या ग्राहकाने द्राक्षांसाठी १०० रुपये मोजले, तर त्यांतले बागायतदाराच्या पदरात किती पडतात? रिझर्व्ह बँकेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासनिबंधांत हा हिशेब मांडला आहे. देशांतर्गत बाजारात विकल्या जाणाऱ्या द्राक्षांसाठी त्याचे उत्तर येते सुमारे ३५ रुपये. कांद्यासाठी ३६, टोमॅटोसाठी ३३. दुधाच्या बाबतीत मात्र हाच वाटा ७० च्या घरात जातो.

हे आकडे वाचून उमटणारी पहिली प्रतिक्रिया ठरलेली आहे : मधले लोक खातात. ती अगदीच निराधार नाही. पण दुधालाही मधले लोक आहेतच. गावची दूध संस्था, शीतकरण केंद्र, टँकर, तालुक्याचा किंवा जिल्ह्याचा संघ, पिशव्या भरणारा प्रकल्प, वितरक आणि पहाटे दाराशी पिशवी ठेवणारा मुलगा, इतक्या हातांतून दूध जाते. मग उत्पादकाचा वाटा दुप्पट कसा? आणि वाटा दुप्पट आहे म्हणून दोन गाईंवर घर चालवणारे कुटुंब बागायतदारापेक्षा सुखात आहे का? तेही नाही. त्या ७० रुपयांतला मोठा भाग पेंड, चारा आणि औषधपाण्यातच संपतो. म्हणजे हात मोजून भागत नाही आणि नुसता वाटा मोजूनही भागत नाही. हे कोडे ज्याला पडले आणि त्याचे झटपट उत्तर पुरेसे वाटले नाही, तो मूल्यसाखळीच्या अभ्यासाच्या दारात येऊन उभाच आहे. त्याला आत बोलावण्यासाठी ही प्रस्तावना.

एखादी वस्तू कच्च्या रूपापासून वापरणाऱ्याच्या हाती पडेपर्यंत तिच्यावर जी जी कामे होतात, त्यांची सलग मालिका म्हणजे मूल्यसाखळी. बियाणे, लागवड, काढणी, प्रतवारी, साठवण, वाहतूक, प्रक्रिया, विक्री. प्रत्येक टप्प्यावर काहीतरी भर पडते आणि किंमत चढते. इतके वर्णन व्यवस्थापनाच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडेल. विकासाचा अभ्यासक त्यावर तीन प्रश्न विचारतो. चढलेल्या किमतीतला वाटा कोणाला मिळतो? माल नासला, भाव पडला, तर नुकसान कोणाच्या अंगावर येते? आणि भाव, प्रत, वेळ या गोष्टी ठरवतो कोण? ही तिन्ही उत्तरे एका कागदावर शेजारी शेजारी लिहून पाहावीत. बहुतेक साखळ्यांत असे दिसते की निर्णय एका टोकाला गोळा झाले आहेत आणि जोखीम दुसऱ्या टोकाला साचली आहे.

ही संकल्पना दोन वेगळ्या घराण्यांतून आली, हे नवख्या वाचकांनी आरंभीच ध्यानात घ्यावे. मायकेल पोर्टर यांनी १९८५ मध्ये ‘कॉम्पिटिटिव्ह ॲडव्हान्टेज’ या ग्रंथातून ती उद्योगजगतात रुजवली. एखाद्या कंपनीच्या कामकाजातला कोणता टप्पा तिला स्पर्धेत पुढे नेतो, हा त्यांचा प्रश्न होता. त्याआधी, १९७७ मध्ये, टेरेन्स हॉपकिन्स आणि इमॅन्युएल वॉलरस्टाइन यांनी वस्तुसाखळीचा विचार मांडला होता. त्यांना जाणून घ्यायचे होते की जागतिक व्यापारात काही देश पिढ्यान्पिढ्या कमी मोबदल्याच्या टोकालाच का राहतात. १९९० च्या दशकात गॅरी गेरेफी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की स्वतःचा एकही कारखाना नसलेली नाममुद्रेची कंपनीसुद्धा सबंध साखळीची सूत्रधार असू शकते. पुढे ससेक्स विद्यापीठाच्या परिसरातल्या राफेल कॅप्लिन्स्की, जॉन हम्फ्री, ह्यूबर्ट श्मिट्झ अशा अभ्यासकांनी छोटे उत्पादक या साखळीत वर कसे चढतात, याकडे लक्ष वळवले.

पहिले घराणे विचारते, जिंकायचे कसे? दुसरे विचारते, काही जण सतत का हरतात? गरिबी निवारणासाठी हे साधन वापरायचे, तर दोन्ही प्रश्न हवेत. पहिलाच घेतला तर अहवालात चौकटी आणि बाण उरतात, आणि माणसे दिसेनाशी होतात. दुसराच घेतला तर तक्रार नेमकी मांडली जाते, पण सोमवारी सकाळी उठून काय करायचे ते कळत नाही.

नाव परके असले, तरी विषय आपल्याकडे जुना आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला. त्यांची नजर हिंदुस्थानकडे वळली. खानदेश, वऱ्हाड आणि दख्खनच्या कापसाला न भूतो असा भाव आला, सावकारांनी हात सैल सोडला आणि शेतकऱ्यांनी कर्जे काढली. युद्ध संपले, भाव कोसळले. कर्ज आणि शेतसारा मात्र जागेवरच राहिला. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल केली आणि कर्जाचे कागद जाळले. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले, आणि १८७९ मध्ये सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. त्यानंतर थोड्याच वर्षांत महात्मा फुले यांनी ‘शेतकऱ्याचा आसूड’ लिहिला. शेतकऱ्याच्या कष्टातला वाटा कोण कोण आणि कोणत्या मार्गाने घेतो, याची इतकी बारकाईने केलेली मांडणी आजच्या अभ्यासकालाही आदर्श ठरावी.

या इतिहासात या विषयाचा सर्वांत महत्त्वाचा धडा दडलेला आहे. गरीब माणूस बाजाराबाहेर राहिल्यामुळे गरीब आहे, त्याला साखळीला जोडून दिले की काम झाले, असे समजण्याचा मोह आपल्याला होतो. दख्खनचा कापूस उत्पादक थेट मँचेस्टरला जोडलेला होता, आणि त्या जोडणीतूनच तो बुडाला. गरीब माणूस बहुधा साखळीत असतोच. तो वाईट अटींवर असतो. त्यामुळे सर्वसमावेशक विकासाची चर्चा ‘किती जण जोडले’ या आकड्यावर थांबवता येत नाही. कोणत्या अटींवर जोडले, अटी बदलण्याची ताकद कोणाच्या हातात आली आणि साखळीतून बाहेर पडायचे झाले तर मागे काही आधार उरतो का, हे पाहावे लागते. पुढे जे काही सांगायचे आहे, ते सारे या एका विधानाचा विस्तार आहे.

अटी बदलण्याचा एक मार्ग महाराष्ट्राने देशाला दाखवला, याचा थोडा अभिमान बाळगायला हरकत नाही. ऊस पिकवायचा आणि साखरेतला नफा दुसऱ्याने न्यायचा, ही रीत विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेच्या काठी मोडून काढली. १९५० मध्ये सुरू झालेला प्रवरेचा सहकारी कारखाना म्हणजे शेतकऱ्याने प्रक्रियेच्या टप्प्यावर मांडलेली मालकी होती. दुधात, सूतगिरणीत, फळांत तीच वाट पुढे अनेकांनी धरली. सहकाराच्या मर्यादा दिसू लागल्यावर २००२ मध्ये कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन शेतकरी उत्पादक कंपनीची सोय झाली. आज जागतिक बँकेच्या साहाय्याने चाललेला ‘स्मार्ट’ प्रकल्प असो किंवा केंद्राची दहा हजार उत्पादक संघटनांची योजना असो, त्यांच्या कागदपत्रांत मूल्यसाखळी हा शब्द पानोपानी भेटतो. त्यामागे प्रवरेचा वारसा आहे, हे वाचकांनी विसरू नये.

साखळीत वर चढण्याचे चार प्रकार अभ्यासक मानतात, आणि ते समजून घ्यायला नाशिकच्या द्राक्षांइतके चांगले उदाहरण क्वचितच मिळेल. पहिला प्रकार म्हणजे कामाची पद्धत सुधारणे : ठिबक आले, पाणी आणि जमीन साथ देत नाही तिथे डॉगरिजसारख्या खुंटावर कलमे आली. दुसरा म्हणजे वस्तूच सुधारणे : विरळणी आणि डिपिंग (घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणे) करून मणी एकसारखे फुगवले, घड परदेशी बाजाराच्या मापात बसवले. तिसरा म्हणजे साखळीतले पुढचे काम स्वतःकडे घेणे. १९९१ मध्ये बागायतदारांच्या सहकारी संस्था ‘महाग्रेप्स’च्या छत्राखाली एकत्र आल्या आणि प्रीकूलिंग, शीतगृह, निर्यात या टप्प्यांत उतरल्या. चौथा प्रकार म्हणजे एका साखळीत कमावलेले कसब घेऊन दुसऱ्या साखळीत शिरणे. दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडीची सह्याद्री फार्म्स ही उत्पादक कंपनी द्राक्षांच्या निर्यातीतून उभी राहिली आणि पुढे टोमॅटो आणि इतर फळांच्या प्रक्रियेत उतरली.

या चढणीवर पाय घसरण्याच्याही जागा आहेत. वेलीची नुसती पानोळ्याची वाढ रोखण्यासाठी बागांमध्ये क्लोरमेक्वॅट क्लोराइड हे संजीवक सर्रास वापरले जाई. २०१० मध्ये युरोपात पोहोचलेल्या द्राक्षांत त्याचा अंश मर्यादेपेक्षा जास्त आढळला आणि कंटेनर अडकले. नियम युरोपात ठरला, फवारणी नाशिकमध्ये झाली आणि कर्ज गावच्या सोसायटीत थकले. निर्णय आणि जोखीम यांच्यातले अंतर इतक्या स्वच्छपणे क्वचितच दिसते. मात्र इथे कौतुकाचीही जागा आहे. संजीवकाचा तपासणीच्या यादीत समावेश झाला. कृषी निर्यातीचे काम पाहणाऱ्या ‘अपेडा’ची ‘ग्रेपनेट’ नोंदणी आणि मांजरीचे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र हे बागायतदाराच्या रोजच्या बोलण्यातले शब्द झाले. ज्या पेटीत माल आहे ती कोणत्या प्लॉटवरची, हे सांगता येण्याची शिस्त हजारो शेतकऱ्यांनी अंगी बाणवली. आता नवा प्रश्न पुढे आला आहे तो वाणांचा. परदेशी बाजाराला हव्या असलेल्या नव्या वाणांवर पैदासकारांचे हक्क आहेत आणि त्यांची रॉयल्टी मोजावी लागते. मूल्य आता बागेच्याही आधी, वाण घडवणाऱ्या प्रयोगशाळेत जमा होऊ लागले आहे.

निर्यातीच्या दर्जाचे न ठरलेले द्राक्ष कुठे जाते, हेही पाहावे. ते देशी बाजारात जाते, आणि तिथेही भाव नसेल तर बऱ्याच ठिकाणी त्याचा बेदाणा होतो. सांगली जिल्ह्यातल्या तासगावचे बेदाण्याचे सौदे द्राक्ष बागायतदाराला धीर देतात, कारण नाशवंत माल तिथे टिकाऊ होतो आणि विकायची वेळ निवडण्याची थोडी मुभा मिळते. दुय्यम मालाची हीच गोष्ट काजूतही दिसते. गोव्यात काजूच्या बोंडूपासून हुर्राक आणि फेणी होते. शेजारच्या सिंधुदुर्गात मात्र बराचसा बोंडू बी काढून घेतल्यावर बागेतच कुजतो. झाड तेच, माती जवळपास तीच. फरक पडतो तो परवाना, परंपरा आणि बाजार यांमुळे. तुम्ही कोणतीही साखळी अभ्यासायला घ्या, टाकून दिलेल्या आणि दुय्यम ठरलेल्या मालाच्या मागे आवर्जून जा. कमकुवत उत्पादकाचा टेकू अनेकदा तिथेच सापडतो.

जोखमीचा प्रश्न समजून घ्यायचा असेल तर कांद्याकडे यावे. उन्हाळ कांदा मार्च ते मे या काळात निघतो. सगळ्यांनी एकदम विकला तर भाव पडतो, म्हणून शेतकरी तो चाळीत भरतो आणि पुढचे चार-सहा महिने वाट पाहतो. या काळात कांद्याचे वजन घटते, काही सडतो, काहीला कोंब येतात. साठवणुकीचा हा खर्च आणि धोका बहुतांशी त्याचाच असतो. नंतर भाव चढला, की तो एकाएकी राष्ट्रीय प्रश्न होतो. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागले आणि डिसेंबर २०२३ ते मे २०२४ निर्यातबंदी राहिली. शहरी ग्राहकाचे हित हे सरकारचे कर्तव्य आहेच. पण चाळीत जोखीम घेऊन बसलेल्याला भाव पडल्याचा तोटा पुरेपूर मिळणार आणि भाव चढल्याचा फायदा मध्येच अडवला जाणार, ही मांडणी साखळीच्या नकाशावर ठेवली की तिचे असमतोल रूप उघड होते. धोरण हीसुद्धा साखळीतली एक कडी आहे, आणि ती बाजार समितीच्या आवारात दिसत नाही.

बाजार समितीच्या आवारात दिसते ती हिशेबपट्टी. लिलाव झाल्यावर शेतकऱ्याच्या हाती पडणाऱ्या या छोट्या कागदावर वजन, भाव, हमाली, तोलाई आणि इतर कपाती लिहिलेल्या असतात. नवख्या अभ्यासकाने जाडजूड अहवालांआधी ही पट्टी वाचायला शिकावे, असा माझा आग्रह आहे. कोणती कपात कायद्यात बसते, कोणती केवळ चालत आली आहे आणि कोणत्या कपातीवरून आंदोलने झाली, हे विचारत गेलात तर त्या कागदातून सबंध बाजाराचा इतिहास उलगडतो. २०१६ मध्ये महाराष्ट्रात फळे-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचे ठरले, हा त्या कागदावरचाच बदल होता. आडत्याकडेही याच मोकळ्या मनाने पाहावे. तो उधारीवर उचल देतो, उधारीवर माल विकतो, खरेदीदार बुडवेल ती जोखीम काही वेळा स्वतः उचलतो. त्याला हटवायचे असेल, तर ही कामे उद्या कोण करणार याचे उत्तर तयार हवे. ते नसलेल्या कितीतरी उत्पादक कंपन्या खेळत्या भांडवलाअभावी कागदावरच राहिल्या.

आता विषयाच्या सर्वांत अवघड आणि माझ्या मते सर्वांत मोलाच्या भागाकडे येऊ. साखळीचा नकाशा काढताना आपण सहसा मालाच्या मालकापासून मालाच्या पुढच्या मालकापर्यंत रेषा ओढतो. ज्यांच्याकडे मालकी नाही, फक्त श्रम आहेत, ते या रेषेवर येतच नाहीत. उसाचेच पाहा. ऊस उत्पादकाला रास्त आणि किफायतशीर दराचे संरक्षण आहे, ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे देण्याचे बंधन कायद्यात आहे. तोच ऊस तोडणारे बीडसारख्या जिल्ह्यांतले कुटुंब मात्र मुकादमाकडून उचल घेऊन निघते आणि नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ म्हणून मोजले जाते. तोडणीचा दर संघटनांच्या कराराने ठरत असला, तरी उचल फिटली की नाही याचा हिशेब मुकादमाच्या वहीत असतो. ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजल्यावर २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. जिने शेतकऱ्याला कारखान्याचा मालक केले, त्याच साखळीच्या बुडाशी हे चित्र आहे. प्रवरेच्या वारशाचा अभिमान खरा ठरायचा असेल, तर ते पाहायला हवे.

द्राक्षाच्या बागांतही पेठ, सुरगाण्याच्या डोंगरपट्ट्यातल्या टोळ्या छाटणीपासून डिपिंगपर्यंतची कामे करतात. परदेशी ग्राहकाला भुरळ घालणारा एकसारखा मणी त्यांच्या बोटांतून घडतो. निर्यातीचा भाव वाढला, तर त्यातले किती त्या बोटांपर्यंत पोहोचते, हा प्रश्न कोणत्याही द्राक्षअभ्यासात असायला हवा. आणि स्वतःच्या शेतात राबणाऱ्या बाईचे काय? सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून अनेकदा ती उत्पादक कंपनीची सभासद होत नाही. सभासद नाही म्हणून प्रशिक्षणाला बोलावणे येत नाही. शेतात प्रतवारी ती करते, प्रतवारीचे प्रमाणपत्र नवऱ्याच्या नावे असते.

हे बदलता येते, याचे दाखले आपल्या मातीतच आहेत. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या चळवळीतून १९६९ मध्ये माथाडी कायदा आला. पाठीवर पोते वाहणाऱ्या माणसाला नोंदणी, भविष्यनिर्वाह निधी आणि उपदान मिळू लागले. पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने हमालाला बाजाराच्या निर्णयांत आवाज दिला. १९९३ मध्ये उभ्या राहिलेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने कचरावेचक स्त्रियांना ओळखपत्र मिळवून दिले आणि पुढे ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेमार्फत त्याच स्त्रिया महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करू लागल्या. भंगाराचीही मूल्यसाखळी असते, आणि तिच्या सर्वांत खालच्या पायरीवरची बाई करारावर सही करणारी पक्षकार होऊ शकते, हे जगभरच्या अभ्यासकांनी पुण्यात येऊन पाहिले आहे.

जंगलाच्या साखळ्या आणखी एक गोष्ट शिकवतात : हक्क आधी, साखळी नंतर. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाला वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबू बाहेर नेण्यासाठी लागणारा वाहतूक परवाना वनखात्याकडेच होता. एप्रिल २०११ मध्ये परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले, तेव्हाच बांबू विकण्याचा हक्क खऱ्या अर्थाने वापरता आला. जंगल तेच आणि बांबूही तोच होता. परवाना देणारा हात बदलला. त्यानंतरच्या वर्षांत अनेक ग्रामसभांनी तेंदूपानांचे लिलावही स्वतः करायला सुरुवात केली. पूर्वी पाने तोडण्याची मजुरी आणि थोडा बोनस मिळे. आता विक्रीचा पैसा ग्रामसभेच्या खात्यावर येऊ लागला. यातही धोके आहेत. खरेदीदार मोजके असतात आणि ते एक झाले की भाव पडतो. पण पडलेल्या भावावर काय करायचे, याची चर्चा आता ग्रामसभेत होते.

ज्यांच्याकडे ना जमीन ना जंगल, त्यांच्यासाठी आखूड साखळ्या अनेकदा लांब साखळ्यांहून उपयोगी पडतात. शेळीपालन हे त्याचे नमुनेदार उदाहरण. उस्मानाबादी शेळी कोरड्या भागात तग धरते, वर्षभरात कधीही विकता येते आणि तिची मालकी बहुधा बाईकडे असते. मात्र गावात येणारा खाटीक किंवा व्यापारी शेळी नजरेने जोखून भाव सांगतो. बचत गटाने वजनकाटा आणला, पशुसखीने वेळेवर लसीकरण केले, गटाने विक्रीचा दिवस ठरवला, एवढ्या साध्या बदलांनी सौद्याचे पारडे हलते. १९७५ मध्ये स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ आणि त्याची लोकसंचालित साधन केंद्रे अशाच छोट्या कड्यांवर काम करत आली आहेत. निर्यातीचे मोठे आकडे तिथे नसतील. पण आजारपणात सावकाराच्या दारी न जाता शेळी योग्य भावाने विकता येणे, हेही गरिबी निवारणच आहे.

या साधनाच्या मर्यादाही आताच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे निराशा होणार नाही. मूल्यसाखळी एका वस्तूचा माग काढते. गरीब कुटुंब मात्र एका वस्तूवर जगत नाही. त्याच घरात थोडी ज्वारी असते, दोन शेळ्या, चार महिन्यांची ऊसतोड आणि रोजगार हमीची मजुरी असते. सोयाबीनची साखळी सुधारली आणि त्यापायी घरची ज्वारी गेली, तर कुटुंबाचा हिशेब कोणत्या बाजूला झुकला हे साखळीचा नकाशा सांगू शकत नाही. पाणी, रस्ता, शाळा, दवाखाना, मजुरीचा दर हे प्रश्न साखळीबाहेरचे आहेत आणि ते तिथेच सोडवावे लागतात. या विषयाने सर्व रोगांवर औषध असल्याचा दावा केला, की त्याकडे संशयाने पाहावे. अवजार चांगले असले, तरी ते कोणत्या कामाचे नाही हे कारागिराला माहीत असावे लागते.

मग सुरुवात कुठून करायची? वाचकांनी आपल्या परिसरातली एकच वस्तू निवडावी आणि तिच्याबरोबर निदान एक पूर्ण हंगाम काढावा, कारण सुगीतला भाव आणि टंचाईतला भाव ही दोन वेगळी जगे असतात. तुम्ही नकाशा शेताकडून बाजाराकडे काढाल, तसाच तो ग्राहकाकडून उलटा शेताकडेही काढून पाहा. दोन्हींत न जुळणाऱ्या जागी अभ्यासाचे खरे प्रश्न असतात. मालकांशी बोलून झाल्यावर मापाडी, हमाल, ट्रकचालक, टोळीची मुकादमीण, प्रतवारीला बसणाऱ्या बाया यांच्याशी बोलावे, आणि त्यांची फुरसत पाहून बोलावे. किलो आणि क्विंटलच्या आधी तिथली मापे शिकावीत : पेटी, जाळी, गोणी, पुडा, कोयता. वाट्याची टक्केवारी काढाल तेव्हा शेजारी खर्च लिहा, खर्चाच्या शेजारी कष्टाचे दिवस लिहा आणि त्याच्या शेजारी नुकसान झाल्यास ते कोणाचे, हेही लिहा. इतके केलेत तर कोणत्याही तयार अहवालातले दडलेले प्रश्न तुम्हाला दिसू लागतील.

मराठीत या विषयाचे काम अजून थोडे आहे आणि वाट पाहणाऱ्या साखळ्या पुष्कळ आहेत. कोकणातली सुकी मासळी, विदर्भातले मोहफूल, धनगरी लोकर, बुरुडकाम, शिंदीच्या झाडूंचा व्यवसाय, शहरातला शिवणकामाचा घरगुती धंदा, यांतल्या एकेकीवर एक चांगला ग्रंथ व्हावा इतकी सामग्री आहे. त्यासाठी अर्थशास्त्राची पदवी उपयोगी पडेल, पण ती अट नाही. बाजारात वाढलेली मुलगी, निवृत्त कृषी सहायक, गटाचे हिशेब लिहिणारी ताई, यांच्याकडे विद्यापीठात न मिळणारे ज्ञान आधीच असते. त्याला शिस्तीची आणि योग्य प्रश्नांची जोड मिळाली की त्यातून उत्तम अभ्यास उभा राहतो. भाव ठरतो तेव्हा कोण हजर असते आणि कोणाला बाहेर थांबावे लागते, एवढे पाहण्याची नजर तुमच्यापाशी असेल, तर या विषयाला तुमची गरज आहे. तुमचे मनापासून स्वागत.